गाळा वसईला न्यावा काय?

ठाण्यातल्या कापूरबावडीपासून घोडबंदर गावापर्यंतचा, डाव्या हाताला येऊरचा डोंगर आणि उजव्या हाताला खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून गेलेला हा वीसएक किलोमीटरांचा रस्ता, अरबी घोडे जिथे उतरत असे सांगतात त्या बंदराचे नाव अद्याप मिरवीत असला, तरी त्यावरून एखादे वाहन निदान घोड्याच्या चालीने जाईल अशी हमी आजमितीस कोणी देत नाही. न्हावाशेव्याहून गुजरातेकडे निघालेले कंटेनर, वागळे इस्टेटीतून वसईला माल नेणारे टेंपो, मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवलीच्या मनोऱ्यांतून रोज सकाळी बाहेर पडणारी नोकरदार मंडळी आणि या सर्वांच्या मधोमध उभे असलेले मेट्रोचे खांब यांनी मिळून तिथे कालाचा जो अपव्यय चालवला आहे, तो कोणत्याही पेढीच्या ताळेबंदात स्वतंत्र रकमेने मांडलेला नसतो. तो सगळ्यांच्या नफ्यातून थोडाथोडा, न सांगता, वजा होतो.

याच रस्त्यावर वाघबीळला माझे एक स्नेही राहतात. मूळचे कोल्हापूरचे, वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यातून वर्क्स मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची भाची व्यवस्थापनशास्त्र शिकलेली असून भिवंडीच्या एका मोठ्या गोदामाचे कामकाज पाहते. तिच्या वडिलांचा वागळे इस्टेटीत लेथचा आणि सीएनसी यंत्रांचा गाळा आहे. तो विकून वरसाव्याच्या पुलापलीकडे, वसई पूर्वेला वालीव किंवा सातिवलीकडे, मोठी जागा घ्यावी की आहे तिथेच नेटाने राहावे, हा त्या कुटुंबापुढचा पेच होता. वडील प्रकृतीने मितभाषी असल्यामुळे वाद मामा-भाचीत झाला आणि, अशा वादांची रीतच आहे त्याप्रमाणे, गाळा बाजूला राहून अर्थशास्त्र पुढे आले. दोघांचे म्हणणे मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो. मधूनमधून माझे मत त्यात शिरले असल्यास वाचकाने ते ओळखून बाजूला ठेवावे.

मामा : अगं, अकरा वाजता टूल मोडले तर सव्वाअकराला दुसरे हातात येते, ही सोय तू कोणत्या रकान्यात लिहिणार? राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, १९६२ साली स्थापन झाले आणि वागळे इस्टेट हे त्याचे पहिले क्षेत्र. तेव्हापासून या गल्ल्यांतून जे साठत आले आहे, म्हणजे हीट ट्रीटमेंटवाला दोन गल्ल्या पलीकडे, ग्राइंडिंगवाला समोर, प्लेटिंगवाला हाकेच्या अंतरावर, आणि एखादा जॉब अडला तर चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या युक्ती सांगणारा दुसऱ्या कारखान्यातला म्हातारा फिटर, हे सगळे मोजायला गेलीस तर हाती लागत नाही आणि सोडून गेलीस की पहिल्याच महिन्यात आठवते. आल्फ्रेड मार्शलने १८९० सालीच लिहून ठेवले आहे की एका धंद्याची माणसे एका जागी दाटीने राहिली म्हणजे त्या धंद्याची गुपिते हवेत असल्यासारखी होतात आणि मुलेदेखील ती नकळत शिकतात. शेफील्डला सुऱ्या-कात्र्या, तसे आपल्या कोल्हापूरला ओतकाम. शिवाजी उद्यमनगरातला पोरगा दहावी नापास झाला तरी कास्टिंगला कान लावून त्यातला दोष सांगतो. उत्पादकता जागेत मुरलेली असते.

भाची : मार्शल मला तुम्हीच वाचायला दिलात, मामा, तेव्हा त्याच्यावर बोलायचा मलाही थोडा हक्क आहे. हवा सगळ्या गल्लीला सारखीच मिळते ना? मग त्याच गल्लीत शेजारीशेजारी दोन गाळे, दोघांकडे त्याच बनावटीचे यंत्र, त्याच दुकानातले पोलाद, टर्नरही एकमेकांचे साडू. आणि एकाच्या यंत्रावर जॉब बदलायला वीस मिनिटे लागतात, दुसऱ्याच्या यंत्रावर दोन तास. का? तर पहिल्याकडे जॉ, गेज आणि टूल आदल्या शिफ्टलाच ट्रॉलीवर काढून ठेवलेली असतात. दुसऱ्याकडे व्हर्नियर मालकाच्या खणात, खणाची चावी मालकाच्या खिशात आणि मालक बँकेत. यात हवेचा काय संबंध?

मामा : तो मालकच गाढव आहे.

भाची : गाढवपणाचेही कोणी मोजमाप केले आहे, आणि तेही आपल्यापासून फार लांब नव्हे. घोडबंदरहून अहमदाबादच्या महामार्गाला लागले की पुढे तारापूर आणि त्याच्याही पुढे, गुजरातच्या हद्दीत, उंबरगाव. तिथल्या सुती कापड विणणाऱ्या १७ पेढ्यांवर, ज्यांचे मिळून २८ कारखाने होते, निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठ व जागतिक बँक यांच्या मंडळींनी, २००८ पासून एक प्रयोग केला. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने काही कारखाने निवडून त्यांना फुकट सल्लागार दिले आणि व्यवस्थापनाच्या ३८ साध्या पद्धती लावून दिल्या. सुताच्या गासड्यांवर चिठ्ठी लावणे, माग बंद का पडला ते त्याच दिवशी लिहिणे, कापडातला दोष कोणत्या मागावर आला ते शोधणे, अवजारे भिंतीवर जागच्या जागी टांगणे. यंत्र नवे नाही, रस्ता नवा नाही, वीज तीच. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. आता सांगा, ती जागेत मुरली होती की वहीत?

या ठिकाणी मामांनी चष्मा पुसला. चष्मा पुसण्याची त्यांची वेळ ठरलेली असते. प्रतिपक्षाचा मुद्दा मान्य करावा लागणार असे दिसले की ते काच स्वच्छ करतात आणि मग तो मुद्दा मान्य न करता दुसऱ्या बाजूने येतात.

मामा : सतरा टक्के म्हणजे थोडे नव्हे. डेमिंगने १९५० साली जपानात जाऊन गुणनियंत्रणाविषयी जे सांगितले त्याच जातीचे हे काम दिसते. पण मग मला एक कळत नाही. चिठ्ठी लावायला पैसे पडत नाहीत आणि त्यात नफा उघड आहे, तर तारापूरच्या त्या शेठजींनी ती आपली आपण का लावली नाही? व्यापारी माणूस फुकटचा नफा सोडीत नाही. त्याने तो सोडला, म्हणजे त्याचे लक्ष दुसरीकडे कुठेतरी होते. माझे म्हणणे तिथून सुरू होते. मालकाची नजर कुठे खिळलेली असते, हे प्रांताप्रांतावर असते.

भाची : म्हणजे कसे?

मामा : इचलकरंजी आणि भिवंडी घे. दोन्ही यंत्रमागाची गावे. इचलकरंजीला १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचा आश्रय होता. त्या गावाला ना बंदर, ना मोठी बाजारपेठ; मुंबईचा व्यापारी तिथपर्यंत यायचा तर काहीतरी कारण हवे. तेव्हा तिथल्या माणसाला मागाकडे बघण्यावाचून दुसरा चाराच नव्हता. पुढे सहकारी संस्था निघाल्या, सूतगिरण्या निघाल्या, साधे माग मोडून ऑटोलूम आले. मिनिटाला शंभर-सव्वाशे धोटे टाकणाऱ्या मागाच्या जागी त्याच्या कितीतरी पट वेगाने चालणारा माग घ्यायला कर्ज काढायचे, आणि ते फेडायचे तर माग एक शिफ्टसुद्धा उभा ठेवायचा नाही. खर्चीवाला, म्हणजे मजुरीवर विणून देणारा, विणकर तर पिकावर, म्हणजे धोट्याच्या दर फेकीवर, मजुरी घेतो. माग थांबला की त्याचे पैसे तिथेच थांबले. म्हणून सगळ्या गावाचे कान मागाच्या आवाजाकडे.

भाची : आणि भिवंडी?

मामा : तू रोज तिथे जातेस, तूच सांग.

भाची : भिवंडीला कापड मुंबईच्या मार्केटला सकाळी पाठवून संध्याकाळी परत येता येते. १९८२ साली मुंबईतल्या गिरण्यांचा संप झाला आणि ते काम भिवंडीकडे वळले. तेव्हा वेगवान माग घेण्यापेक्षा गिरणीतून निघालेला जुना माग स्वस्तात घेऊन आणखी एका शेडमध्ये लावणे फायद्याचे होते. उत्तर प्रदेशातून, बिहारातून, तेलंगणातून माणूस येत होता. विजेची रड होती ती वेगळी. २००७ साली वितरण खाजगी कंपनीकडे गेल्यावर पुरवठा पुष्कळ सुधारला, पण माग मात्र बहुतेक जुनेच राहिले. आणि मग गोदामे आली. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, यावर मानकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा ही गावे गोदामांनी भरली. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. आमच्या गोदामाशेजारी एक माणूस आहे, त्याच्या वडिलांची मागाची शेड होती. माग भंगारात घातले, पत्रा उंच केला आणि जागा भाड्याने दिली. मी त्याला विचारले, माग का बंद केले? तो म्हणाला, ‘मॅडम, माग चालवला तर कामगार, वीज, सूत, व्यापारी, चार जणांशी भांडण. भाड्याला भांडण नाही.’

मामा : बस्स, मला हेच म्हणायचे होते, तू माझ्यापेक्षा बरे सांगितलेस. जमीन जिथे काही न करता मिळवून देते, तिथे यंत्राकडून जास्त मागायची कोणाला गरज पडत नाही. कोल्हापूर, इचलकरंजीकडे जमीन असे मिळवून देत नव्हती, म्हणून यंत्राच्या मागे लागणे आले. आता या आपल्या रस्त्याकडे बघ. कोलशेतला क्लॅरिअंटचा, म्हणजे जुन्या सँडोझचा, कारखाना होता, बायरचा होता. मी तरुण असताना त्या फाटकातून आत जायला मिळावे म्हणून मुले शास्त्रशाखेला जात. पुढे क्लॅरिअंटने ती जमीन ११०० कोटींहून अधिक रकमेला विकली. रंगाची किती पिंपे विकली असती म्हणजे तेवढे हाती आले असते? कंपनीला दोष देता येत नाही. हिशेब तोच सांगतो. पण ज्या प्रदेशात दर मालकाला झोपेत हा हिशेब दिसतो, त्या प्रदेशात कोणी सेटिंगची वीस मिनिटे वाचवायला बसत नाही.

भाची : इथे एक उपप्रश्न आहे. कोलशेतचे कारखाने गेले तेव्हा मागे काय राहिले? काही नाही. मनोरे आले. पिंपरी-चिंचवडला टेल्को आणि बजाज यांच्याभोवती शेकडो छोटे पुरवठादार वाढले. आज त्या दोघांपैकी एकाने फाटक लावले तरी त्या पुरवठादारांची भोसरी उद्या दुसऱ्या कोणाला सुटे भाग देईल. अमेरिकेत बॉस्टनच्या बाहेरून रूट १२८ नावाचा एक रस्ता जातो, त्याच्यावर अ‍ॅनाली सॅक्सेनियन या बाईंनी १९९४ साली पुस्तक लिहिले. त्या रस्त्यावरच्या कंपन्या आपापल्या कुंपणात सगळे स्वतःच करायच्या. कॅलिफोर्नियातल्या कंपन्या एकमेकींची माणसे आणि कल्पना पळवायच्या. कुंपणवाल्या मागे पडल्या. आपला घोडबंदर रोड आणि कोलशेत रोड हे मला त्या रूट १२८ चे भाऊबंद वाटतात. कंपनीचे स्वतःचे वर्कशॉप, स्वतःचे कँटीन, स्वतःची वसाहत.

मामा : हे मात्र तू ओढूनताणून आणलेस. रसायनाचा धंदा नळीच्या आत चालतो, बाई. मोटारीचे तीन हजार तुकडे करून तीनशे लोकांना वाटता येतात. रंगाच्या रिअ‍ॅक्टरचे तुकडे कोणाला वाटणार? तो धंद्याचा स्वभाव झाला, प्रदेशाचा नव्हे. आणि जिथे रसायनवाल्यांचीही छोट्या छोट्यांची दाटी झाली, त्या डोंबिवलीला काय झाले? १९६४ च्या सुमारास एमआयडीसी वसली तेव्हा भोवती शेते होती. मग घरे कारखान्यांच्या भिंतीला भिंत लावून आली, आणि २०१६ च्या आणि २०२४ च्या मे महिन्यांत स्फोट झाले तेव्हा माणसे गेली, काचा दूरदूरपर्यंत फुटल्या. दाटी हा मार्शलचा गुण आहे खरा. पण त्याने सुऱ्या पाहिल्या होत्या, रिअ‍ॅक्टर पाहिले नव्हते.

भाची : हे मी मान्य करते. पण मग तुमचा जागेचाच सिद्धांत घ्या. किर्लोस्करवाडीला कोणती हवा होती? लक्ष्मणराव १९१० साली बेळगाव सोडून कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आले तेव्हा तिथे निवडुंग आणि साप. ना फिटर, ना ओतारी, ना मार्शल.

मामा : जमीन औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिली होती, आणि स्टेशन होते.

भाची : जमीन आणि स्टेशन पुष्कळांना मिळाले. पूर्वी दरोडेखोरीची शिक्षा भोगलेली माणसे कारखान्याच्या राखणीवर ठेवायची छाती किती जणांना झाली? तुम्ही मघाशी विचारलेत ना, तारापूरच्या शेठजींनी चिठ्ठी का लावली नाही? अभ्यासात त्याचे उत्तर आहे, आणि ते मला सतरा टक्क्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते. एक तर अशी पद्धत असते आणि तिचा फायदा होतो, हेच पुष्कळांना ठाऊक किंवा खरे वाटत नव्हते. आणि दुसरे, चांगली चाललेली पेढी मोठी होऊन वाईट पेढीला बाजारातून का हटवीत नव्हती? कारण पेढी किती मोठी होणार हे घरात पुरुष माणसे किती, यावर ठरत होते. दोन भाऊ असतील तर दोन कारखाने. तिसरा काढायचा तर तिथे बसणार कोण? बाहेरच्या मॅनेजरच्या हाती सूत दिले तर तो ते विकील, ही धास्ती. आणि विकले तरी न्यायालयातून निकाल कधी लागणार? म्हणून मालक स्वतः सगळ्या चाव्या बाळगतो, आणि चाव्या सांभाळण्यात दिवस गेल्यावर वही कोण वाचणार? नऊएक वर्षांनी ती मंडळी पुन्हा तिथे गेली तेव्हा लावून दिलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. कुठे मॅनेजर बदलला होता, कुठे मालकालाच वेळ नव्हता.

मामा : मग हे माझ्याच बाजूचे झाले. भरवसा ही सामाजिक गोष्ट आहे. ती प्रांताची, जातीची, गावाची असते. इचलकरंजीला सहकारी बँकेच्या संचालकाला कर्जदाराचा आजा ठाऊक असतो. ठाण्याच्या गाळ्यात मालक एका राज्याचा, फोरमन दुसऱ्याचा, हेल्पर तिसऱ्याचा. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात प्रत्येक जिल्ह्याचा अनुशेष काढला. रस्ते मोजले, सिंचन मोजले, वीज मोजली. भरवशाचा अनुशेष कोणी काढावा?

भाची : दांडेकरांच्या रकान्यांत तो बसला नसता. पण मामा, पुरुष माणसे मोजली, हे लक्षात घ्या. मुली कोणी मोजल्या नाहीत. संशोधकांचा दोष नाही; शेठजीच मोजत नव्हते.

यावर काही वेळ कोणी बोलले नाही. भाचीच्या वडिलांना मुलगा नाही, ही गोष्ट त्या घरात सर्वांना माहीत होती आणि गाळा विकण्याच्या प्रस्तावाचे मूळही, माझ्या समजुतीप्रमाणे, वसईच्या जागेत नसून तिथेच होते. गेले वर्षभर जो विषय ‘स्थलांतर’ या भारदस्त नावाने चर्चिला जात होता, तो वस्तुतः वारसाचा विषय होता. फक्त दप्तरात त्याची नोंद निराळ्या मथळ्याखाली झाली होती. मामांना हे कळत नव्हते असे नाही. पण बहिणीच्या घरातली बाब भावाने उघड बोलायची नसते, म्हणून ते मार्शलवर बोलत होते.

मामा : बरे. समजा, तुला मोजले. तर काय करशील?

भाची : वागळेचा गाळा विकायचा नाही. तुमचा मार्शल तिथे खरा आहे. हीट ट्रीटमेंट आणि ग्राइंडिंगचे जॉब तिथेच राहू द्यावेत. वसईला भाड्याची जागा घ्यायची, विकत नाही, म्हणजे जमिनीच्या भावाकडे बघण्याचा मोह होणार नाही. तिथे एकाच जातीचे जॉब, मोठ्या संख्येने, ज्यांना दर तासाला शेजाऱ्याकडे पळावे लागत नाही असे. टेंपो दिवसातून एकदाच, रात्री. दिवसा गायमुखाच्या घाटात अडकून पडायला ड्रायव्हरला पगार द्यायचा नाही. सेटिंगची वही पहिल्या दिवसापासून. मी गोदामाची नोकरी सोडून आठवड्यातले तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे.

मामा : आणि ज्या दिवशी तू तिकडे नसशील?

भाची : फोरमन. त्यांच्या सहीने पन्नास हजारांपर्यंत खरेदी.

मामा : सही? अगं, हुशार आहे, हात चांगला आहे, सगळे खरे. पण बाहेरचा माणूस. इन्सर्टचे बिल पाच हजार वाढवून लावले तर तुला कळणार कसे?

भाची : महिन्याला किती जॉबला किती इन्सर्ट लागतात, ते वहीत असेल. तारापूरचे शेठजीही हेच विचारत होते, मामा.

मामा : मला शेठजी म्हणू नकोस. दहा हजार.

भाची : दहा हजारांत ते प्रत्येक वेळी मला फोन करतील आणि मी घोडबंदर रोडवर अडकलेली असेन. चाळीस.

मामा : वीस, आणि महिनाअखेरीला वही मी बघणार.

भाची : वही तुम्ही जरूर बघा, तुमच्याइतकी ती कोणाला वाचता येणार आहे? पण तीस.

तीसवर मामा कुरकुरत का होईना थांबले आणि चहा आला. ज्यांच्या सहीवरून ही घासाघीस चालली होती ते फोरमन कळव्याला राहतात. वसईला रोज जायला ते तयार आहेत की नाहीत, हे त्यांना तोवर कोणीच विचारलेले नव्हते.